खरवडलेली भिंत

आरोग्य खात्याच्या साहेबांनी मोटारसायकलची किल्ली काढली आणि माझ्या आईच्या घराची भिंत खरवडली.

शेणाची खपली निघाली. तळहाताएवढी. ती त्यांनी कागदावर घेतली आणि आईच्या नाकासमोर धरली.

"हुंग."

आईने हुंगलं.

"कसला वास येतो?"

"शेनाचा," आई म्हणाली.

"औषधाचा येतो?"

"नाय."

"कुठून येणार? सरकार डासांचं औषध मारतं, तुम्ही त्यावर शेण फासता. मग तापाने माणूस गेलं की रडत बसता. जनावराला तरी कळतं कुठे झोपावं."

बरोबरचे दोघे हसले. आईही थोडी हसली. मोठा माणूस हसला की आपणही हसायचं, एवढंच तिला कळत आलेलं आहे.

मग साहेबांनी बालवाडीतून एक पाटी मागवली. तिच्यावर खडूने लिहिलं, 'मी औषध पुसले'. पाड्यातल्या एकेका बाईने ती पाटी छातीशी धरून आपल्या भिंतीपुढे उभं राहायचं, फोटो काढायचा, असं त्यांनी ठरवलं. सुरुवात आईपासून.

आईला वाचता येत नाही. तिला वाटलं पाटीवर घराचा नंबर आहे. फोटोबद्दल तिला एकच गोष्ट माहीत होती. माझ्या भावाच्या लग्नात फोटोवाल्याने ती तिला पुन्हा पुन्हा सांगितली होती. फोटोत हसायचं. ती पाटी धरून दात दाखवून हसली.

हे चाललं होतं तेव्हा मी दोन हातांत पिशव्या घेऊन चढ चढून नुकतीच वर आले होते. मला वाचता येतं. मी आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकले आहे. मी पाटी वाचली, मग आईचं तोंड बघितलं.

आमचा पाडा वर डोंगरात आहे. कामणच्या रस्त्याला गोदामांची रांग संपते तिथून आत वळायचं, ओढा ओलांडायचा, मग चढ. आम्ही वारली. आमची घरं कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि त्यांच्यावर माती नि शेणाचा लेप द्यायचा. लेप आहे तोवर ती भिंत. लेप गेला की नुसत्या काठ्या.

घरात लग्न असलं की ही भिंत नव्याने लिंपतात. लग्नाच्या आधी सवाष्णी तांदळाच्या पिठाने तिच्यावर चौक लिहितात. मध्ये देवी बसते. चौक लिहिल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागत नाही. आणि जुन्या, डागाळलेल्या भिंतीवर चौक लिहीत नाहीत.

त्या वर्षी फवारणीवाले आले ते लग्नाच्या दिवसांत. पाठीवर पंप, तोंडाला फडकी. "सामान बाहेर काढा," एवढंच बोलले. भांडी, गोधड्या, कोंबड्या अंगणात आल्या. त्यांनी आत औषध मारलं, दारावर खडूने काहीतरी लिहिलं आणि ओढ्याकडे उतरले. भिंतींवर पांढरे ओघळ आणि नाक जळेल असा वास. दोन घरांत लग्नं तोंडावर आलेली. त्यातलं एक माझ्या भावाचं. बायकांनी माती कालवली, शेण कालवलं, भिंती लिंपल्या. बाकीच्या घरांनी पण तेव्हाच लिंपून घेतल्या. पाड्यात लग्न असलं की सगळ्या पाड्याचं असतं.

औषध भिंतीवर राहायला पाहिजे, डास भिंतीवर बसतो आणि मग मरतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

पाऊस लागला आणि ताप सुरू झाले. मग साहेब आले. किल्ली घेऊन.

आता माझ्याबद्दल सांगते, कारण त्या दिवशी मी जे केलं ते माझ्या धंद्याच्या सवयीने केलं.

मी विरारच्या मनवेलपाड्यात भाजी विकते. डोक्यावर रानभाजीची पाटी घेऊन मी विरारला उतरले तेव्हा मला फुटपाथवरून हाकलत होते. आज माझा गाळा आहे. भुईगावच्या वाडीतली भाजी माझ्याकडे थेट येते. गाळा मला कोणी दिला नाही. मी भांडून घेतला. भाव करण्यात माझा हात कोणी धरत नाही. माझं डोकं लवकर तापतं हे खरं, पण समोरच्याला काय पाहिजे आणि मला काय पाहिजे हे मी तापलेल्या डोक्यानेही बघू शकते.

तेव्हा मी बघितलं, साहेबांना फोटो पाहिजेत. आम्हाला फवारणी पाहिजे. माझ्या भावाची बायको सुकरी लग्न होऊन आली ती लगेच पोटुशी राहिली होती. पोटुशा बाईला हा ताप आला तर काय होतं ते मी गाळ्याशेजारच्या दवाखान्यातल्या नर्सकडून ऐकलं होतं. सुकरीच्या उशाची भिंत तीच, जिच्यावर तिच्या लग्नाचा चौक होता.

मी पिशव्या खाली ठेवल्या. "साहेब, फोटो काढा. पण फवारणी परत करून द्या."

"तू कोण?"

"हिची मुलगी. मनवेलपाड्यात गाळा आहे माझा."

"मग तू तरी शहाणी निघशील. ये, तू पण उभी राहा."

"मी इथे राहत नाही."

"माहेर आहे ना? शेण कोणी फासलं, तुझ्याच लोकांनी. सगळ्या बायका फोटोत आल्या तर मी वर लिहितो. नाहीतर मला काय पडलंय?"

मी पाटी घेतली. शब्द वाचता येत असून घेतली. अपमान सोसायचा, माल घ्यायचा. असे सौदे मी आयुष्यभर केले आहेत आणि त्यांतूनच वर आले आहे. मी हसले नाही, एवढंच.

जाताना साहेब म्हणाले, "या भिंती आधी खरवडून साफ करून ठेवा. शेणावर औषध मारणार नाही. माझी माणसं आठवड्यात येतील."

दुसऱ्या दिवशी पाड्यात खरवडायला सुरुवात झाली. विळे, उलथनी, नारळाच्या करवंट्या. आमच्या घरात आई विळा हातात घेऊन चौकापुढे बसून राहिली.

"चौक पुसत नसतात," ती म्हणाली. "तो आपोआप झडतो."

"आई, पोरीच्या उशाला डास बसतात."

"तू त्या मानसाचा शब्द धरून बसलीस."

सुकरीने आईच्या हातातला विळा काढून घेतला. सुकरी हसरी होती. कशावरही तिचा एक टोला ठरलेला. "अवं, देवी लग्नाला आली, जेवली, गेली. आता डास पाहुने आलेत, त्यांचं बघू." ती उभी राहिली आणि आपल्या लग्नाचा चौक तिने आपल्या हाताने खरवडला. घोडा गेला, बाशिंग गेलं, देवी गेली. खाली पिठूळ माती पडली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताय सांगते म्हनजे औषध येनार."

खाली काठ्या दिसायला लागल्या.

आठवडा गेला. दुसरा गेला. माणसं आली नाहीत. भर पावसात नवा लेप देता येत नाही. माती वाळत नाही, गळून पडते. काठ्यांच्या फटींतून वारा यायला लागला, पाणी यायला लागलं. आधी डास दारातून येत होते, आता भिंतीतून यायला लागले. मी विरारहून मच्छरदाणी नेऊन दिली. सुकरी तिच्यात झोपायची. पण डास माणूस झोपायची वाट बघत नाही. दिवस मावळला की चुलीपाशी बसलेल्या बाईला तो धरतो. चुलीवर मच्छरदाणी बांधता येत नाही.

फवारणीच्या ऐवजी एक माणूस बॅनर घेऊन आला. चांगले जाड बॅनर. त्यांच्यावर एक गोरं कुटुंब गुलाबी मच्छरदाणीत झोपलेलं आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'डासांना हद्दपार करा'. माझ्या भावाने तो बॅनर भिंतीच्या फटींवर सुतळीने बांधला. पाड्यात सगळ्यांनीच बांधले. लांबून बघितलं तर निवडणूक आल्यासारखं वाटायचं.

त्याच दिवसांतली मनवेलपाड्याची गोष्ट. एका सोसायटीत मी वरपर्यंत भाजी पोचवते. सेक्रेटरीबाईंनी दार उघडलं. हातात मोबाईल.

"अगं मावशी, ही तूच ना?"

फोटो होता. मी, पाटी, मागे आईची भिंत.

"आमच्या ग्रुपवर आलाय. मी ह्यांना म्हटलं, अरे ही तर आपली भाजीवाली. काय गं तुम्ही लोक पण. इतकं फ्री मध्ये मिळतं, तेही पुसून टाकता? आणि मग तिकडून इकडे मलेरिया येतो. भाजी नीट धुतलेली असते ना?"

मी भेंडी पिशवीत घालत होते. तेवढ्यात जिन्यातून डासांची तपासणी करणारा माणूस आला. पालिकेचा. खांद्याला झोळी, हातात बॅटरी. दाराशेजारी काचेच्या बाटल्यांची ओळ होती. पाण्यात वाढणारी वेल. त्याने बॅटरी मारली. बाटलीतल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. उभ्या राहत होत्या, बुडत होत्या. मला पण दिसल्या.

"मॅडम," तो म्हणाला, "एवढं पाणी बदलत जा हां. प्लीज."

"अरे हो, सॉरी. राहूनच गेलं बघ. पाणी पिणार?"

तो नको म्हणाला आणि वर गेला. बाईंनी मला सुट्टे दिले.

कोणी किल्ली काढली नाही. कोणी ती बाटली बाईंच्या नाकासमोर धरली नाही. पाटी आणली नाही. 'मी अळ्या पाळल्या' असं कोणी लिहिलं नाही. त्यांना पाणी बदलायला हवं हे माहीत होतं, तरी राहून गेलं. आम्हाला लेप द्यायचा नाही हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांचं राहून गेलं, आमचं फासणं झालं.

खाली येऊन मी पिशवी जिन्यावर आपटली. भेंड्या पसरल्या. वॉचमन म्हणाला, "क्या हुआ मावशी?" मी भेंड्या वेचायला लागले. त्या जिन्यावर मला समजलं की मी अपमान सोसून माल घ्यायला गेले होते, पण साहेबांसाठी तो अपमानच माल होता. तो त्यांनी उचलून नेला होता. आता त्यांना आमच्याकडून काहीच नको होतं.

गाळा बंद करून मी त्यांच्या ऑफिसात गेले.

"साहेब, भिंती खरवडून ठेवल्यात. तुम्ही म्हणालात तशा. माणसं कधी येणार?"

"पाऊस आहे. पंप वर नेता येत नाही."

"फोटो काढायला आलात तेव्हा पण पाऊस होता."

त्यांनी मान वर केली. "बाई, ही काय भाजी आहे? मागितली की तोलून दिली?"

"नाही साहेब. कुजकी भाजी मी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारत नाही."

"आवाज खाली."

"भिंतीच्या नुसत्या काठ्या राहिल्यात. आत पोटुशी बाई आहे."

"मग तिला खाली आण तुझ्या गाळ्यावर."

मी टेबलावर हात आपटला. शिपायाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. मी घसा फाटेपर्यंत ओरडले. रांगेतली माणसं माझ्याकडे बघून पुन्हा आपापल्या कागदांकडे वळली.

सुकरीला खाली आणायचंच मी ठरवलं होतं. ती म्हणाली, भाताची आवणी होऊ दे, मग येते. मी आवणीपुरतं थांबले.

गणपतीच्या आधी तिला ताप भरला. थंडी वाजून, दात वाजून. खालच्या गावातल्या आशाताई जीव मुठीत धरून ओढा ओलांडून आल्या, बोटाचं रक्त काचेवर घेऊन गेल्या, गोळ्या देऊन गेल्या. नंतर ओढा चढला. रक्तात काय निघालं ते सांगायला कोणी वर येऊ शकलं नाही. सुकरी मधेच उठून कामाला लागायची, मधेच पडायची. मग ती माणसं ओळखेना. ओढा उतरल्यावर सकाळी भावाने आणि पाड्यातल्या माणसांनी तिला चादरीत घातलं, बांबू लावला आणि खाली आणलं. मी रिक्षा घेऊन रस्त्यावर उभी होते.

रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर. अंग तव्यासारखं. कामणच्या रस्त्यावर एक कंटेनर गोदामात मागे मागे जात होता. पूर्ण रस्ता अडवून. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. कंटेनरवाला हात दाखवत होता, थांब.

सुकरी म्हणाली, "दार लाव. वारा येतो."

मी हाताने तिच्या बाजूचा पडदा ओढून धरला. "लावलं," म्हटलं.

कंटेनर आत गेला तेव्हा सुकरी नव्हती. रिक्षावाल्याला कळलं नाही. तो जोरात हाणत राहिला.

घरी आईने विचारलं नाही, औषध का नाही आलं. तिने भिंतीवरचा बॅनर काढला आणि सुकरीला ठेवलं तिथे खाली अंथरला, कारण जमीन ओली होती. ते गोरं कुटुंब तिच्या अंगाखाली गेलं.

पाऊस संपला. आईने भिंत पुन्हा लिंपली नाही. काठ्यांना आतून ताडपत्री लावली आणि दिवस काढले. या वर्षी लग्नाचे दिवस आले तेव्हा पाड्यात बायका एकत्र बसल्या आणि ठरवलं. ज्या घरात लग्न त्यांनी लिंपायचं, चौक लिहायचा. बाकीच्यांनी लेप लवकर देऊन वाळवायचा आणि फवारणीनंतर हात लावायचा नाही. आईनेही तेव्हा भिंत लिंपली. मी ऑफिसात निरोप दिला. लग्नं उरकल्यावर या, भिंती तयार असतील. निरोप घेणाऱ्याने मान हलवली.

ते आले. लग्नं उरकल्यावरच आले. साहेब तेच. मी त्या दिवशी गाळा बंद ठेवून वर बसले होते. पंपवाल्यांनी पाणी भरायला घेतलं. मला वाटलं, झालं.

साहेबांनी मला ओळखलं. या वेळी आवाज मऊ होता.

"ती बाई गेली ना तुमची, वाईट झालं. तिचा एखादा फोटो आहे का? लग्नातला चालेल."

"कशाला?"

"बॅनर करतोय. शेण लावल्याने काय होतं ते लोकांना नीट कळेल. चेहरा असला की लोक वाचतात."

"ती गेली तेव्हा भिंतीवर शेण नव्हतं. तुम्ही खरवडायला लावलं होतं."

"ते एवढं कोण बघतं? लोकांना धडा मिळाल्याशी मतलब. आणि आज फवारणीआधी बायका घेऊन एक शपथ घेऊ. आम्ही पुन्हा चूक करणार नाही. फोटो लागतो. फोटोशिवाय काम दिसत नाही."

माझ्या भावाच्या मोबाईलमध्ये फोटो होता. सुकरी, बाशिंग, मागे चौक. भावाने खिशात हात घातला. तो देणारच होता. त्याला फवारणी हवी होती.

मी त्याचा हात धरला.

"फोटो मिळणार नाही," मी म्हणाले. "शपथ पण नाही. भिंती बघा. किल्लीने खरवडून बघा पाहिजे तर. वाळल्यात. औषध मारा आणि जा."

"मग मी कसं दाखवू काम केलं म्हणून?"

"भिंतीचा फोटो काढा."

"भिंतीला कोण बघतं?"

"आम्ही."

साहेबांनी पंपवाल्यांना हात केला. त्यांनी भरलेलं पाणी ओतून दिलं. "सहकार्य नाही," साहेब बरोबरच्या माणसाला म्हणाले. "तसं लिही."

ते उतरून गेले. ओतलेलं पाणी उतारावरून वाहत आईच्या दारापर्यंत आलं आणि जिरलं.

मग बायका माझ्यावर उठल्या. शेजारची काकी, जिच्या दोन सुना पोटुशा आहेत, ती माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाली, "एक फोटो दिला असतास तर काय झिजलं असतं? मेलेल्या मानसाला काय कळतं? तुझं काय, तू खाली पक्क्या खोलीत झोपतंस."

काकी बरोबर बोलली. भाऊ नंतर माझ्याशी बोलला नाही. आईने पाणी दिलं आणि आत गेली.

मला चांगलं काही सांगायचं नाही. पाऊस येईल. ओढा चढेल. फवारणी होणार नाही. काकीच्या सुनांना ताप येऊ शकतो, आणि आला तर लोक माझं नाव घेतील. घेऊ देत.

पण मी आता एवढं ठरवलं आहे. गाळ्यावर मी प्रत्येक जुडीचा भाव करीन. यात करणार नाही. फवारणी आमच्या हक्काची आहे. ती फुकट नाही आणि विकत पण नाही. तिच्यासाठी आईचं हसू, सुकरीचं तोंड, कोणाचीही अब्रू पुन्हा द्यायची नाही. मनवेलपाड्यातली बाई 'सॉरी' म्हणून जेवढ्यात सुटते तेवढ्यात आम्ही सुटलो पाहिजे. त्याच्या खाली मी उतरणार नाही.

या पावसाळ्यात मी वर राहणार आहे. खोलीला कुलूप लावलं आहे. आईच्या घरात, सुकरी झोपायची तिथे, त्याच भिंतीला डोकं लावून झोपेन. सकाळी उतरेन, आधी साहेबांच्या ऑफिसात जाईन, विचारेन, माणसं कधी येतात, मग गाळा उघडेन. रोज. मला ताप आला तर दवाखान्यात नंतर. आधी त्यांच्या दारात जाऊन बसेन, थंडी वाजत, दात वाजत, रांगेतल्या सगळ्यांना दिसेल अशी. त्यांना चेहरा पाहिजे ना? तो समोर असेल. पण हातात पाटी नसेल.